उन्हाळी विज्ञान शिबिरात शून्य सावलीचा दिवस कसा आखावा

शिबिराच्या तारखा ठरवण्याआधी आपल्या गावचा शून्य सावलीचा दिवस पाहून घ्यावा आणि शिबिर त्याभोवती बसवावे. सूर्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे त्याचे कोनीय अंतर) ज्या दिवशी आपल्या अक्षांशाइतकी होते, त्या दिवशी माध्यान्ही तो बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली बुडाशीच नाहीशी होते. कोल्हापुरात हे साधारण ६-७ मे, पुण्यात १३-१४ मे, मुंबईत १५-१६ मे आणि नागपुरात २६ मेच्या सुमारास घडते. दुसरी संधी ऐन पावसाळ्यात येते, म्हणून तिच्यावर विसंबू नये.

माध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि पुणे त्याच्या साडेआठ अंशांहून अधिक पश्चिमेला असल्यामुळे, तेथे मेच्या मध्यावर सूर्य सुमारे १२ वाजून ३१ मिनिटांनी माथ्यावर येतो. मुंबईत आणखी चार मिनिटांनी.

सर्वाधिक काळजी काठीची घ्यावी. पहिल्या वर्षी आम्ही मैदानातल्या झेंड्याच्या खांबावर भरवसा ठेवला. तो किंचित कललेला निघाला आणि सावली काही केल्या संपेना. तेव्हापासून मीटरभर लांबीची बारीक सळई सपाट फळीवर उभी करून आम्ही ती गवंड्याच्या ओळंब्याने दोन बाजूंनी तपासतो. फळीवर पांढरा कागद लावून बारा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाची खूण मुलांकडूनच करून घ्यावी. पुण्यात बारा वाजता पश्चिमेकडे तेराएक सेंटिमीटर असलेली सावली पाहता पाहता बुडाशी येते. टोक मात्र रेखीव नसते: सूर्यबिंब सुमारे अर्ध्या अंशाचे असल्याने मीटरभर काठीच्या सावलीची कड जवळजवळ नऊ मिलिमीटर पुसट दिसते, म्हणून खूण त्या पुसट पट्ट्याच्या मध्यावर करावी. सूर्याकडे थेट पाहू नये, ही सूचना सुरुवातीलाच द्यावी.

दुसऱ्या गावात मदतीला एखादी शाळा मिळाली, तर त्याच दिवशी पृथ्वीचा परीघही काढता येतो. ग्रीक विद्वान इराटोस्थेनिसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात हीच युक्ती वापरली होती. पुण्यात सावली शून्य असते, त्या दिवशी कोल्हापुरात मीटरभर सळईची माध्यान्हीची सावली दक्षिणेकडे सुमारे ३.२ सेंटिमीटर पडते. तेथील मुलांनी घड्याळ न पाहता बुडाच्या सर्वांत जवळची खूण मोजावी. तिच्यावरून १.८३ अंशांचा कोन मिळतो; हाच दोन्ही गावांच्या अक्षांशांतला फरक. दोन्ही गावांमधील उत्तर-दक्षिण अंतर सुमारे २०२ किलोमीटर आहे. रस्त्याचे किलोमीटर येथे चालत नाहीत, आणि मुले हटकून तेच घेतात. ३६० भागिले १.८३ गुणिले २०२ केल्यास उत्तर ३९,७०० किलोमीटरच्या आसपास येते. खरा परीघ सुमारे ४०,००० आहे. सावली ३.२ ऐवजी ३ सेंटिमीटर मोजली गेली, तर तेच उत्तर ४२,००० च्या पुढे जाते. दोन मिलिमीटरची ही किंमत मुलांना स्वतः आकडेमोड करून कळू द्यावी.

ऐन क्षणी दोन मिनिटे मोकळी ठेवावीत, कारण उडी मारल्यावर पायांपासून सुटून थेट खाली पडलेली स्वतःची सावली पाहण्यासाठी सगळेच नाचू लागतात, मोठेसुद्धा. त्यानंतर लगेच कोणालाही सावलीत पळू देऊ नये. पावणेएकपर्यंत सळईची सावली पूर्वेकडे पाच-सहा सेंटिमीटर बाहेर आलेली असते. ती शेवटची खूण झाल्यावरच पन्ह्याचे पातेले उघडावे.