ज्यू बालवाडीतलं माझं पहिलं वर्ष

न्यू जर्सीतल्या एका सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, बालवाडीत, चार वर्षांच्या मुलांच्या वर्गावर मी मदतनीस म्हणून लागले. किंडरगार्टनची (इथल्या शाळेतल्या पहिलीच्या आधीच्या वर्गाची) तयारी म्हणजे एबीसीडी आणि आकडे पक्के करणं, अशी माझी तेव्हा समजूत होती. इथे येणाऱ्या आपल्या बऱ्याच जणी या कामाकडे वळतात, म्हणून सांगते: अक्षरं येतात. अडतं ते डबा उघडताना, जॅकेटची चेन लावताना आणि ‘मला जमत नाहीये’ हे बाईंना सांगताना.

यातलं बरंचसं सणावारांतूनच शिकवता येतं. शुक्रवारी संध्याकाळी ज्यूंचा शब्बात, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, सुरू होतो; त्यासाठी खल्ला नावाचा पाव करतात. पिठाच्या तीन लांब वळ्या करायच्या आणि त्यांची वेणी घालायची. पुढे पेन्सिल धरायला लागणारी बोटांची ताकद इथेच येते. वेणी घालणं मला कुणी शिकवायला नको होतं. वर्गात माझा पहिला खरा उपयोग झाला तो इथे. मग मेणबत्त्या, द्राक्षाचा रस, पावावरची प्रार्थना. ती संपेपर्यंत समोरच्या तुकड्याला हात लावायचा नाही. चार वर्षांच्या मुलाला ती दोन मिनिटंही फार मोठी वाटतात, पण सगळ्यांबरोबर थांबायला शिकवणारं याहून चांगलं काही मी पाहिलेलं नाही.

हनुक्का या आठ दिवसांच्या दिव्यांच्या सणातला ड्रायडल म्हणजे बिनदोरीचा चौकोनी भोवरा. तो चिमटीत धरून फिरवायचा, म्हणजे पुन्हा बोटांचंच काम. मेणबत्त्या रोज एकेक वाढत आठव्या रात्री आठ होतात; बाकीच्या पेटवणारी शमाश वेगळी. ‘आज एकूण किती लागतील?’ एवढं विचारलं की बेरीज आपोआप सुरू होते.

हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात. त्यामुळे एखादं मूल इंग्रजी नावही उलट्या बाजूने लिहायला लागलं तर घाबरू नका. या वयात हिब्रू न शिकणारी मुलंही अक्षरं उलटी काढतात. इंग्रजी कुठून सुरू करायचं ते कळावं म्हणून आम्ही कागदाच्या डाव्या कोपऱ्यात हिरवा ठिपका देतो.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो पेसाख, मिसरच्या गुलामीतून झालेल्या सुटकेचा सण. त्यातल्या सेडर नावाच्या विधीच्या जेवणाला घरातल्या सगळ्यात लहान मुलाने चार प्रश्न विचारायचे, ही रीतच आहे. त्याचा सराव वर्गात कितीतरी दिवस चालतो. मी ‘मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस’ ऐकत वाढले. इथे मोठी माणसं लहानाच्या प्रश्नासाठी थांबतात. एरवी कुजबुजणारी मुलंही तेव्हा आवाज काढतात, आणि नव्या शाळेत बाईंपुढे बोलायला तोच आवाज लागतो.

खाण्याच्या बाबतीत मात्र आधी विचारा. पहिल्याच आठवड्यात मी कौतुकाने घरचे बेसनाचे लाडू नेले. आमची शाळा कोशेर, म्हणजे ज्यूंचे खाण्याचे नियम, पाळते, त्यामुळे बाहेरच्या स्वयंपाकघरातलं काही मुलांना वाटता येत नाही. मुख्य बाईंनी ते मला बाजूला घेऊन समजावलं. त्याच दिवशी मी त्यांना आमच्या अलिबागकडच्या बेने इस्राएल ज्यूंबद्दल सांगितलं, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवले जाणारे. तेव्हापासून त्या मला शब्बातच्या तयारीत आवर्जून बोलावतात.

रोश हशाना (ज्यूंचं नवं वर्ष) ते सिम्हात तोरा हा सण या शरद ऋतूतल्या साधारण तीन आठवड्यांत शाळेला बऱ्याच सुट्ट्या येतात, त्यामुळे मुलांची घडी त्यानंतरच बसते. तोवर रडारड झाली तरी धीर सोडू नका. पुढे सीडीए हे लहान मुलांच्या शिक्षकांसाठीचं प्रमाणपत्र करायचं असेल तर १२० तासांचं प्रशिक्षण आणि मुलांसोबत ४८० तासांचं काम लागतं. तास पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा.

मे महिन्यात आम्ही पालकांना सांगतो, किंडरगार्टनला जो डबा देणार आहात तोच आता पाठवा. मग वीस मिनिटांचं घड्याळ लावून जेवायला बसतो. झाकण घट्ट असलं तरी आम्ही लगेच हात लावत नाही, मूल मदत मागेपर्यंत थांबतो.