न्याहारीची तयारी रात्री की सकाळी?

घरात एक पक्ष म्हणतो, "रात्रीच सगळं उरकून ठेवा." दुसरा म्हणतो, "शिळं कोण खाणार?" दोघांचंही अर्धंच बरोबर. पदार्थ बघून ठरवावं.

साबुदाण्याच्या खिचडीत रात्रीचा पक्ष बिनविरोध जिंकतो. १ वाटी साबुदाणा दोन-तीन पाण्यांत हलक्या हाताने चोळून धुवा. वरचं पीठ राहिलं की खिचडीचा गोळा होतो. पाणी निथळून दाणे जेमतेम बुडतील इतकंच नवं पाणी घाला आणि झाकून ठेवा. सकाळी दाणा बोटांत सहज चुरडला गेला पाहिजे. आत टणक कण लागला तर पाण्याचा हबका मारून अर्धा तास थांबा. दाणे चिकटले असतील तर पाणी जास्त झालं. ताटात पसरून सुकवा, मग अर्धी वाटी दाण्याचं कूट चोळा. कूट रात्रीच करावं. बटाटेही उकडून फ्रिजमध्ये ठेवावेत, गार बटाट्याच्या फोडी मोडत नाहीत.

पोह्यांत मात्र सकाळचा पक्ष खरा. रात्री भिजवले तर लगदाच. जाड पोहे फोडणीआधी १० मिनिटं चाळणीत धुवून निथळत ठेवले की पुरे. रात्री फार तर मिरच्या चिरा, कढीपत्ता पुसून कोरडा करून डब्यात घाला. कांदा नको: त्याचा उग्र वास फ्रिजभर पसरून दुधाला लागतो आणि भांडण चहापर्यंत जातं.

उपम्याचा रवा तर आठवड्याचा भाजून ठेवा. त्यावर दोन्ही पक्ष गप्प.