जुन्या गाडीचं अंडरकोटिंग कसं काढावं

गाडीच्या पोटाखालचा काळा डांबरी थर, म्हणजे अंडरकोटिंग, वरून धडधाकट दिसतो, म्हणून बरेच जण त्याला हात लावत नाहीत. पण वर्षं उलटली की तो कडक होतो, त्याला बारीक तडे जातात, आणि त्यातून शिरलेलं पाणी पत्र्यालगत साचून राहतं. गंज आतल्या आत पसरतो. गाडी मनापासून सुधारायची असेल तर उघडा पत्रा डोळ्यांनी पाहायलाच हवा.

गाडी पक्क्या स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. बॅटरी सोडवा, इंधनाची टाकी आणि नळ्या उतरवा. आतलं कार्पेट आणि आवाज अडवणारे पॅडही काढा, कारण उष्णता पत्र्यातून थेट वर जाते. चष्मा, हातमोजे, वाफा अडवणारा मास्क आणि अग्निशामक हवाच. फार जुन्या काही थरांत ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसांना घातक तंतू, असायचं. शंका असेल तर तुकडा तपासून येईपर्यंत खरवडू नका.

आता हीट गन, म्हणजे गरम हवा सोडणारं हातातलं यंत्र. एका वेळी तळहाताएवढाच भाग तापवा. थर मऊ पडून चकाकू लागला की लगेच खरवडायची पट्टी घाला. धूर निघाला तर जास्त तापलं समजा. पट्टीचे कोपरे आधी कानशीने गोल करा, नाहीतर पत्र्यावर ओरखडे पडतात. पट्टी जवळजवळ आडवी धरून ढकलली की थर सालीसारखा लांब सुटून येतो. दर खेपेला ती पुसा.

ग्राइंडरला वायर ब्रश लावून सुरुवात करायचा मोह टाळा. मऊ डांबर उडतं आणि सगळीकडे माखतं. मी एकदा असं केलं आणि अख्खा दिवस पुसण्यात गेला.

उरलेला पातळ थर मिनरल टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा, पण हीट गन बंद करून, पूर्ण थंड झाल्यावरच. वापरलेली फडकी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

मग स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने जोड आणि कडा टोचून पाहा. टणक लागलं तर ठीक. टोक भुसभुशीत आत गेलं तर तेवढा पत्रा कापून नवा जोडावा लागेल. बाकीचा वरवरचा गंज आता वायर ब्रशने घासा, डीग्रीजरने (तेलकटपणा काढणाऱ्या द्रवाने) पुसा आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर (पत्र्याला घट्ट धरणारा रंगाचा पहिला थर) मारा. प्रायमर वाळल्यावर जोडांत सीलंट भरा, पाणी निथळायची भोकं मात्र मोकळी ठेवा.