हिरड्यांतून रक्त येतंय? मग ब्रश थांबवू नका

चूळ भरली आणि बेसिनमध्ये पाणी गुलाबी दिसलं, की बहुतेकजण त्या बाजूला ब्रश लावायचंच सोडतात. चूक तिथेच होते. हे रक्त बहुतेकदा हिरडीच्या कडेला साचलेल्या चिकट थरामुळे येतं. तो तसाच राहिला, तर लाळेतल्या क्षारांमुळे काही दिवसांत कडक होऊन त्याचं कीटण बनतं. मग ब्रश कितीही घासा, ते निघत नाही.

आधी आरशात बघा. हिरडी लाल, फुगलेली, चकचकीत दिसते का? नुसती सूज असेल तर सगळं पूर्ववत होतं. पण आतलं हाड झिजलं, की ते सहसा आपसूक भरून येत नाही.

ब्रश मऊ केसांचा घ्या. तो 45 अंशांत तिरका धरा: अर्धे केस दातावर, अर्धे हिरडीच्या कडेवर. जागच्या जागी हलकेच थरथरवा, मग दोन दात पुढे सरका. कढई घासल्यासारखं आडवं खसाखसा घासलंत, तर हिरडी मागे सरून मुळं उघडी पडतात. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू हमखास राहते, आणि लाळेच्या ग्रंथी तिथेच उघडत असल्याने कीटणही तिथेच जास्त. दिवसातून 2 वेळा, 2-2 मिनिटं. रात्रीचा ब्रश तर चुकवूच नका. दातांच्या फटींत फ्लॉस (त्यासाठी मिळणारा बारीक दोरा) किंवा बारीक ब्रश फिरवा. टाचणी नको, काडेपेटीतली काडीही नको.

दोन आठवड्यांत रक्त थांबलं नाही, तर डेंटिस्टकडे जा. दात हलत असेल किंवा पू येत असेल, तर तेवढंही थांबू नका. मधुमेह असेल तर साखरही तपासून घ्या. हिरड्या आणि साखर एकमेकांना बिघडवतात.

‘मशेरीने हिरड्या घट्ट होतात’ हे अजून ऐकू येतं. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून रक्त कमी दिसतं; आजार आत चालूच असतो.

आणि ‘डेंटिस्टकडून दात साफ केले की हलतात’? हाड आधीच गेलेलं असतं, कीटणाने फक्त दात एकमेकांना सांधून धरलेले असतात. साफ केल्यावर काही दिवस गार पाण्याने कळ येते, तेवढे दिवस माठातलं पाणीही जरा जपून प्या.