वाईत राहायला आलात? आधी घाटावर या

आमच्या भागात दर वर्षी एखादं तरी नवं बिऱ्हाड येतं. बहुतेक पुण्या-मुंबईचं, नोकरीतून मोकळं झालेलं. घर लावून होतं, खिडकीतून पांडवगड दिसतो, पहिले दोन महिने पाहुण्यांचं येणं-जाणं असतं. मग एके दिवशी भाजी घेताना त्या घरातल्या बाई भेटतात आणि हळूच म्हणतात, "गाव सुंदर आहे हो, पण करमत नाही."

मी त्यांना नेहमी एकच सांगते, कारण मला स्वतःला त्याचा गुण आला आहे. 1991 साली मी डोंबिवलीहून लग्न होऊन वाईत आले. लोकलच्या गर्दीत वाढलेली मुलगी, इथे दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. सासूबाईंनी माझा चेहरा ओळखला आणि म्हणाल्या, "रोज सकाळी नदीला तोंड दाखवून यायचं. दुसरं काही करू नकोस." तेवढंच केलं. सहा महिन्यांनी मला बाजारातून घरी पोचायला तास लागायला लागला, इतके लोक थांबवून बोलायचे.

तर पहिला महिना गाडी बाहेर काढू नका. सकाळी साडेसहाला घाटावर या आणि रोज त्याच वेळी, त्याच पायरीवर बसा. हे महत्त्वाचं आहे. आज इथे, उद्या तिथे असं फिरलात तर तुम्ही पाहुणेच राहता. एका जागी बसलात की चौथ्या-पाचव्या दिवशी कपडे धुणारी एखादी मावशी विचारतेच, "कुठल्या तुम्ही?" त्यावर पुण्याचं नाव सांगू नका. आपली आळी सांगा, घरमालकाचं नाव सांगा. मग पुढचा प्रश्न येतो, आणि ओळखीला सुरुवात होते.

वाईत सात घाट आहेत: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड. नावं पाठ करा. घाट म्हणजे नुसत्या दगडी पायऱ्या नाहीत, प्रत्येक घाटाला त्याची आळी आहे आणि आळीला तिची माणसं. ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762 मध्ये बांधलं. दर्शन सगळेच घेतात, पण देवळाची मागची भिंत फार थोडे बघतात. ती माशासारखी निमुळती केलेली आहे, म्हणजे पुराचं पाणी अंगावर न येता दोन्ही बाजूंनी फुटून जावं. पावसाळ्यात कृष्णा फुगली की पुलावर उभं राहून ते बघा. मात्र धोम धरणातून पाणी सोडल्याचं कळलं की घाटावर उतरायचं नाही, कितीही सवय असली तरी. एरवीही खालच्या तीन-चार पायऱ्यांवर शेवाळ असतं. गुळगुळीत तळाची चप्पल घालून तिथे जाऊ नका, मी दोनदा आपटले आहे.

आता कृष्णाबाईचा उत्सव. माघात सुरू होतो आणि फाल्गुनापर्यंत एकेका घाटावर पाळीपाळीने चालतो. अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी शिवाजी महाराजांना यश मिळावं म्हणून नदीला नवस बोलला गेला, तो असा फेडला जातो असं इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. घाटावर मांडव पडतो, कृष्णाबाईची मूर्ती बसते, कीर्तनं होतात, पंगती उठतात. नवीन माणसं मांडवाच्या कडेला उभी राहून फोटो काढतात आणि घरी जातात. तसं करू नका. आपल्या आळीची वर्गणी कोण गोळा करतं ते आधीच विचारून ठेवा, ते दाराशी यायची वाट न बघता स्वतः जाऊन द्या आणि तिथेच विचारा, "काम काय करू?" काम नक्की मिळतं. भाजी चिरणं, तांदूळ निवडणं, पत्रावळी मांडणं. मला पहिली तीन वर्षं पंगतीत पाणी वाढायचं काम होतं. नुसता जग घेऊन फिरायचं. मनात थोडी खट्टू व्हायचे, पण तीन वर्षांत आळीतल्या प्रत्येक पानासमोर मी वाकले होते. कोणाला गुडघ्यामुळे मांडी घालून बसता येत नाही, कोणाचा मुलगा यंदा आला नाही, कोण कोणाशेजारी बसत नाही, सगळं मला ठाऊक झालं. चौथ्या वर्षी हातात आमटीची बादली आली. त्या दिवशी मी घरी येऊन आईला फोन केला होता.

पंगतीला बसाल तेव्हा सोबत एक वाटी न्या, पत्रावळीवर आमटी पळते. श्लोक होईपर्यंत पानाला हात लावू नका. ओळ उठेपर्यंत आपणही उठू नका.

उत्सवाच्या शेवटाकडे, रंगपंचमीला, शेजारच्या बावधनचं बगाड असतं. बगाड्या कोण, हे होळी पौर्णिमेला भैरवनाथाच्या कौलाने ठरतं. कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून लाकडी गाडा निघतो, शिडाच्या, म्हणजे गाड्यावरच्या लांब लाकडाच्या, टोकाला बगाड्याला बांधलेलं असतं आणि बैल तो गाडा शेतांतून गावापर्यंत ओढतात. बघायला जायचं तर सकाळी लवकर निघा, चालत. डोक्याला उपरणं, दोन लिटर पाणी. उभं राहायचं ते बांधावर, बैलांच्या रेषेत कधीच नाही. बैल बिचकले तर आवरायला वेळ लागतो आणि मागे गर्दी असते. लहान मुलांना खांद्यावर घ्या. कोणी जेवायला बोलावलं तर नाही म्हणू नका, यात्रेच्या दिवशी नाही म्हटलेलं लोकांना लागतं.

डोंगरांचं सांगते. पायांना सवय नसेल तर सोनजाईपासून सुरुवात करा. तिथे जाऊन उतरायला एक सकाळ पुरते आणि वरून सगळं वाई पसरलेलं दिसतं. ती दोन-तीनदा सहज जमली की धावडीकडून पांडवगड, नाहीतर व्याजवाडीतून वैराटगड. वैराटगडाच्या चढाला सावली कमी आहे, उन्हं चढायच्या आत वर असावं. दोन्हीकडे अत्तर किंवा वासाचं तेल लावून जाऊ नका आणि कड्यांखाली आरडाओरडा करू नका. आग्या मोहोळ उठलं तर पळायला जागा नसते.

कमळगड मात्र शेवटी, आणि तोही वाट माहीत असणाऱ्याबरोबर. चढ लांब आहे, वाट दाट झाडीतून जाते आणि फाटे फुटतात. माथ्यावर दरवाजा, वाडा असं काही नाही. तिथे आहे ती कावेची, म्हणजे गेरूची, विहीर. खडकातल्या अरुंद पायऱ्यांनी खाली उतरायचं, तळाशी भिंती लालभडक, ओल्या, आणि भर उन्हाळ्यातही अंगावर काटा येईल असा गारवा. बोट लावलं की गेरू बोटाला येतो. मला वाईच्या आसपासची ही सगळ्यात आवडती जागा. 2008 च्या डिसेंबरात आम्ही चौघी त्या विहिरीपाशी रमलो आणि निघायला चार वाजले. झाडीत अंधार पाऊण तास आधीच होतो हे लक्षातच नव्हतं. वाट चुकली, एकच बॅटरी होती. शेवटी माचीवरच्या धनगरवस्तीतल्या एका आजोबांनी आमचा आवाज ऐकला. कंदील घेऊन ते निम्म्या वाटेपर्यंत खाली सोडायला आले, पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून माझा नियम आहे: दुपारी दोनला, जिथे असू तिथून, परत फिरायचं. आणि वस्तीवरून जाताना हाक मारून, दोन शब्द बोलून पुढे जायचं. चहापूड आणि साखरेची पुडी मी पिशवीत ठेवतेच.

मेणवलीला सायकलने जा, तीन किलोमीटर आहे. नाना फडणवीसांचा वाडा बघा आणि मग घाटावरची घंटा. ती वसईची, 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हाच्या लुटीतली. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत, 1707 हे साल आहे. शंकराच्या देवळाशेजारी ती टांगलेली आहे. मुलांना ते साल स्वतः शोधू द्या. तसंच पुढे धोमला, नृसिंहाच्या देवळापाशी, कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी आहे. जलाशयात मात्र पोहायला उतरू नका. कडेला गाळ आहे आणि दोन पावलांवर एकदम खोल होतं.

मे महिन्यात उन्हामुळे डोंगर बंद, पण तेव्हा लोकमान्य टिळक स्मारक संस्थेची वसंत व्याख्यानमाला असते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथे राहिले, मराठी विश्वकोशाचं काम इथून चाललं, त्यामुळे या गावाला ऐकायची सवय आहे. विषय आवडीचा नसला तरी जा. व्याख्यान संपल्यावर बाहेर दहा-पंधरा मिनिटं जे उभ्याने बोलणं होतं, त्यातच पुढच्या रविवारी कोण कुठल्या डोंगरावर जाणार ते ठरतं. ग्रंथालयाचं सभासदत्वही त्याच फेरीत घेऊन टाका.

तूर्त उद्या सकाळी या. गणपतीच्या देवळाकडून नदीकडे तोंड केलंत की डाव्या हाताला, वरून पाचव्या पायरीवर मी असते. चहाचा थर्मास माझ्याकडे असतो. कप तुमचा तुम्ही आणा, कागदी कप मी घाटावर येऊ देत नाही.