लाटा लहान असताना सर्फिंगचा सराव

अकरा वेळा जगज्जेता ठरलेला केली स्लेटर फ्लोरिडातील कोको बीचच्या लहान, दुबळ्या लाटांवर शिकला. म्हणून गोव्यात आश्वे किंवा मांद्रे येथे हिवाळ्यात गुडघ्याएवढ्याच लाटा दिसल्या, तरी परत फिरू नये. अशा दिवशी लांब व रुंद बोर्ड घ्यावा, कारण तो कमी जोराच्या लाटेवरही वेग धरतो. समुद्रावरचा वारा दुपारी पाणी खवळवतो, त्यामुळे सकाळची वेळ उत्तम.

दुबळी लाट चूक झाकून घेत नाही. बोर्डावर पालथे पडल्यावर छाती मागे राहिली तर बोर्डाचे नाक, म्हणजे पुढचे टोक, वर उचलले जाऊन लाट खालून निघून जाते, छाती फार पुढे गेली तर नाक पाण्यात घुसते. ते पाण्याच्या जेमतेम दोन-तीन बोटे वर राहील अशी जागा शोधावी, लाट पोहोचण्याच्या बरेच आधी हात मारायला लागावे आणि बोर्डाची मागची बाजू उचलली गेल्यावरही आणखी दोन-तीन हात मारून मगच, गुडघे न टेकता, एका झटक्यात उभे राहावे. पुढे लाट सपाट होऊ लागली की बोर्ड वळवून पुन्हा फेसाजवळच्या उंच भागाकडे आणावा. हे वळण शिकण्यासाठी लहान लाटेसारखी दुसरी संधी नाही, असे माझे ठाम मत आहे. पाणी उथळ असल्याने पडताना डोके कधीही आधी जाऊ देऊ नये.