थंडरबर्डचे फिल्टर नव्या कॉम्प्युटरवर कसे न्यायचे

आमच्या जिनिंगच्या ऑफिसातला डब्बा विंडोज ७ चा, दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की तो हँग व्हायचा म्हणजे व्हायचाच, शेवटी मालकांनी नवा घेतला. थंडरबर्डमधे, म्हणजे मेल वाचायच्या प्रोग्रॅममधे, अकाउंट टाकलं, आयमॅप (मेल सर्व्हरवरच राहतात ती पद्धत) असल्यामुळे सगळे फोल्डर अन् जुने मेल आपोआप उतरले, मला वाटलं झालं काम. दुसऱ्या दिवशी पाहतो तर काय बाप्पा, बँक, जीएसटी, सरकीचे भाव, ट्रान्सपोर्टवाल्यांची बिलं, सगळं इनबॉक्समधेच पडून राहिलं. मेल सर्व्हरवर असतात पण थंडरबर्डचे फिल्टर, म्हणजे आलेला मेल आपोआप ठरलेल्या फोल्डरमधे टाकणारे नियम, त्या कॉम्प्युटरमधेच असतात, ते आपल्यालाच उचलून न्यावे लागतात.

जीमेल तुम्ही ब्राउझरमधेच उघडत असाल अन् फिल्टरही तिथेच बनवले असतील तर काहीच करू नका, ते गूगलकडे आहेत, नव्या मशीनवर लॉगिन केलं की चालू. जीमेलचा पत्ताच बदलत असेल तर सेटिंगमधे फिल्टरच्या टॅबवर जा, हवे ते टिक करून एक्सपोर्ट करा, एक एक्सएमएल फाइल मिळते, ती नव्या अकाउंटमधे इम्पोर्ट करायची.

आता थंडरबर्ड. जुन्या मशीनवर हेल्प मेनूत ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन उघडा (मेनू दिसत नसेल तर ऑल्ट दाबा), तिथे प्रोफाइल फोल्डरसमोर ओपन फोल्डरचं बटण आहे. फोल्डर उघडला की थंडरबर्ड पूर्ण बंद करा, हे विसरू नका. आयमॅपवाल्यांनी 'आयमॅपमेल' फोल्डरमधे जायचं, पॉपवाल्यांनी (मेल कॉम्प्युटरवर उतरवून घेणाऱ्यांनी) 'मेल' मधे. आत सर्व्हरच्या नावाचा फोल्डर, अन् त्यात 'एमएसजीफिल्टररूल्स' नावाची फाइल, शेवटी डॉट डॅट. विंडोज बरेचदा ते डॉट डॅट दाखवतच नाही, घाबरू नका. आपले सगळे फिल्टर त्या एवढ्याशा फाइलमधे आहेत.

मी इथेच फसलो. आमचे अकाउंट तीन, अन् प्रत्येकाची फाइल वेगळी पण नाव सेम टू सेम. मी तिन्ही पेनड्राइव्हवर एकामागोमाग टाकल्या, विंडोजने रिप्लेस करू का विचारलं अन् मी आपला ओके ओके करून राहिलो. घरी येऊन पाहतो तर एकच फाइल. म्हणून पेनड्राइव्हवर आधी अकाउंटच्या नावाने फोल्डर बनवा, मग ज्याची फाइल त्यात टाका.

नव्या मशीनवर आधी अकाउंट टाका अन् सगळे फोल्डर दिसेपर्यंत थांबा. पॉप असेल तर फोल्डर सर्व्हरवरून येत नाहीत, जुन्याच नावाने हाताने बनवावे लागतात, कारण फिल्टरला तो फोल्डर सापडलाच नाही तर तो बंद पडतो. फोल्डर झाले की वरच्यासारखाच प्रोफाइल फोल्डर उघडा, थंडरबर्ड बंद, त्याच अकाउंटच्या सर्व्हरच्या नावाच्या फोल्डरमधे फाइल पेस्ट, परत चालू, अन् टूल्समधे मेसेज फिल्टर्स उघडून पाहा.

यादी दिसते पण मेल हलत नाहीत, असं झालं तर बहुतेक पत्त्याचा घोळ असतो. ती फाइल नोटपॅडमधे उघडली तर प्रत्येक फिल्टरखाली मेल कुठे टाकायचा त्याचा पूर्ण पत्ता लिहिलेला दिसेल, युजरनेम, सर्व्हर, फोल्डर असा, अन् ईमेलमधल्या अ‍ॅटच्या जागी टक्क्याचं चिन्ह अन् ४०. नव्या मशीनवर सर्व्हरचं नाव किंवा युजरनेम वेगळं टाकलं असेल तर जुना पत्ता जुळणार नाही. फाइलची एक कॉपी बाजूला ठेवा, थंडरबर्ड बंद करा, अन् रिप्लेस ऑलने जुना तुकडा काढून नवा टाका, बाकी कशाला हात लावू नका. देवनागरी नावाचे फोल्डर तिथे गिचमिड अक्षरांत दिसू शकतात, ते तसेच राहू द्या.

तपासायचं असेल तर मेसेज फिल्टर्समधे खाली रन नाऊ आहे, पण इनबॉक्सवर एकदम चालवू नका, दहा-वीस मेल एका वेगळ्या फोल्डरमधे कॉपी करून त्यावर चालवून पाहा.

आउटलुकवाल्यांचं काम सोपं आहे, म्हणजे जुन्या क्लासिक आउटलुकचं. मॅनेज रूल्स अँड अलर्ट्स, ऑप्शन्स, एक्सपोर्ट रूल्स, आरडब्ल्यूझेड फाइल बनते, नव्यावर तिथूनच इम्पोर्ट. नंतर एकेक रूल (तिथे फिल्टरला रूल म्हणतात) उघडून फोल्डर बरोबर दाखवतो का पाहा, बरेचदा परत निवडून द्यावा लागतो.

अन् जुना डब्बा चालूच होत नसेल, आमच्याकडे लाइन येते-जाते त्यात पॉवर सप्लाय उडतच असतात, तरी हार्डडिस्क चांगली असते. ती काढून यूएसबी केबलने नव्याला जोडा, यूजर्समधे तुमचं नाव, मग अ‍ॅपडेटा, रोमिंग, थंडरबर्ड, प्रोफाइल्स. अ‍ॅपडेटा लपलेला असतो, व्ह्यूमधे हिडन आयटम्सवर टिक केली की दिसतो. परमिशन मागितली तर कंटिन्यू दाबा, पुढे तीच फाइल.